अतिस्थूल रुग्णाची भूल: कोणतं औषध कोणत्या वजनावर

भूलशास्त्राच्या पहिल्या वर्षात डोस पाठ करण्याची एक ठरलेली रीत असते. प्रोपोफॉल (भूल आणणारं) २ मिग्रॅ प्रति किलो, फेंटानिल (वेदनाशामक) २ मायक्रोग्रॅम प्रति किलो, रोक्युरोनियम (स्नायू शिथिल करणारं) ०.६ मिग्रॅ प्रति किलो. वजनाने गुणलं की झालं. बीएमआय ४० च्या पुढे गेला की ही रीत अडखळते, कारण 'प्रति किलो'मधला किलो नेमका कुठला हे कुणी सांगितलेलंच नसतं. समजा टेबलावर १६० सेंमी उंचीची, १३० किलो वजनाची बाई आहे. प्रोपोफॉल २६० मिग्रॅ की ११५? हिशेब दोन्हीकडे 'दोन मिग्रॅ प्रति किलो'चाच आहे.

नव्याने रुजू झालेल्या रेसिडेंटसाठी हा लेख आहे. आकडे प्रौढांचे आहेत, आणि सुरुवात करण्यापुरते आहेत. विभागाचा प्रोटोकॉल आणि शेजारी उभे असलेले सीनियर यांचा शब्द आधी. मात्र एक गोष्ट सुरुवातीलाच मनात पक्की करा: अतिस्थूल रुग्णाचं एकच वजन नसतं. औषधागणिक ते बदलतं, आणि एकाच औषधाचं इंडक्शनचं (भूल सुरू करतानाचं) वजन आणि इन्फ्युजनचं (शिरेतून सतत चालू ठेवतानाचं) वजनही वेगळं असू शकतं.

पायरी १: वजन करा, विचारू नका

रुग्णाने सांगितलेलं वजन आणि काट्यावरचं वजन यांत बराच फरक निघतो. वॉर्डातला साधा काटा ठरावीक वजनाच्या पुढे चालतच नाही, मग केसपेपरवर 'अंदाजे' असा शब्द येतो. तो शब्द दिसला की व्हीलचेअरसकट वजन करणारा काटा किंवा वजन दाखवणारी खाट कुठे आहे ते शोधा. बॅरिएट्रिक शस्त्रक्रियेआधी काही आठवडे कमी उष्मांकाचा आहार चालू असेल, तर ओपीडीतलं वजन जुनं झालेलं असतं.

उंचीही मोजाच. पुढचं सगळं गणित उंचीवर उभं आहे आणि नेमकी तीच बहुतेक केसपेपरवर कोरी असते. पायावर सूज, पोटात पाणी असेल तर वजनातला तो भाग चरबी नाही आणि स्नायूही नाही. अशा रुग्णात कुठलंच सूत्र नीट चालत नाही, तिथे थोडं थोडं देऊन परिणाम बघत पुढे जाणं एवढाच मार्ग उरतो.

पायरी २: चार वजनं कागदावर मांडा

पहिलं प्रत्यक्ष वजन, म्हणजे काट्यावरचं.

दुसरं आदर्श वजन. डेव्हाइनचं १९७४ चं सूत्र अजूनही चालतं: पाच फुटांच्या वर प्रत्येक इंचाला २.३ किलो, पुरुषांत ते ५० मध्ये मिळवायचं, स्त्रियांत ४५.५ मध्ये. घाईत असाल तर उंची सेंमीमधून पुरुषांत १०० आणि स्त्रियांत १०५ वजा करा. आदर्श वजन फक्त उंचीवर ठरतं, त्यामुळे एकाच उंचीच्या ७० किलोच्या आणि १३० किलोच्या स्त्रीचं ते सारखंच येतं. सोय तीच, आणि मर्यादाही तीच.

तिसरं लीन वजन, म्हणजे चरबी वगळून उरलेलं. यासाठी २००५ मध्ये आलेलं जन्महासत्यन यांचं सूत्र वापरा. पुरुषांत ९२७० गुणिले वजन, भागिले (६६८० अधिक २१६ गुणिले बीएमआय). स्त्रियांत भाजकात ८७८० अधिक २४४ गुणिले बीएमआय. पाठ करण्याची गरज नाही, फोनमधल्या कॅल्क्युलेटरमध्ये हेच सूत्र आहे ना एवढं तपासा. का, ते पायरी ६ मध्ये.

चौथं समायोजित वजन: आदर्श वजन, अधिक जादा वजनाच्या ४० टक्के.

आता आपल्या उदाहरणातल्या रुग्णाचं बघू. बीएमआय जवळपास ५१. आदर्श वजन ५२ किलो, लीन वजन ५७, समायोजित ८३, प्रत्यक्ष १३०. हे चार आकडे भुलीच्या चार्टच्या कोपऱ्यात ठळक लिहून ठेवा. केस सुरू झाल्यावर डोक्यात भागाकार करायची वेळ येऊ नये.

एक गंमत बघा. हीच स्त्री ७० किलोची असती तर तिचं लीन वजन ४२ आलं असतं. म्हणजे प्रत्यक्ष वजन ६० किलोंनी वाढलं, पण लीन वजन फक्त १५ किलोंनी. वाढलं, हेही खरं. जाड माणूस म्हणजे बारीक माणूस अधिक चरबी, असं नसतं. तो भार वागवायला स्नायू वाढतात, रक्त वाढतं, हृदयाचं कामही वाढतं. म्हणून सगळंच आदर्श वजनावर देऊ म्हटलं तर काही औषधं कमी पडतात.

पायरी ३: औषध पहिल्या मिनिटात कुठे जातं ते विचारा

बोलस, म्हणजे एकदम दिलेला डोस, शिरेत गेला की तो आधी जास्त रक्तप्रवाह असलेल्या अवयवांत पोचतो: मेंदू, हृदय, यकृत, मूत्रपिंड. चरबीला दर ग्रॅममागे रक्त अगदी थोडं मिळतं. त्यामुळे औषध चरबीत कितीही विरघळणारं असलं तरी पहिल्या मिनिटात चरबीचा त्यात फारसा हात नसतो. इंडक्शनचा डोस लीन वजनावर काढायचा तो यामुळे.

तासभर इन्फ्युजन चालू राहिलं की चित्र बदलतं. चरबीत औषध साचू लागतं, आणि शरीरातून औषध बाहेर पडण्याचा वेगही स्थूल व्यक्तीत काहीसा वाढलेला असतो. इन्फ्युजनचा हिशेब समायोजित वजनाकडे सरकतो तो इथे.

पाण्यात विरघळणारी औषधं, म्हणजे मुख्यतः स्नायू शिथिल करणारी, चरबीत जातच नाहीत. ती प्रत्यक्ष वजनावर दिली तर जास्तीचं औषध रक्तात आणि स्नायूंभोवतीच फिरत राहतं.

पायरी ४: इंडक्शन

आधी स्थिती. डोकं आणि खांदे इतके वर घ्या की कानाचं छिद्र आणि छातीच्या हाडाची वरची खाच आडव्या एका रेषेत येतील. टेबल २५ ते ३० अंश वर. फुफ्फुसातला राखीव साठा लहान असल्यामुळे अशा रुग्णाचं सॅच्युरेशन श्वास थांबल्यावर दोन-तीन मिनिटांत ढासळू शकतं. डोसच्या लेखात हे कशाला, असं वाटेल. पण श्वासनलिकेत ट्यूब टाकायला किती वेळ मिळणार आहे यावरच शिथिलकाची निवड आणि डोस ठरतो.

प्रोपोफॉल लीन वजनावर, २ ते २.५ मिग्रॅ प्रति किलो. आपल्या रुग्णात ११५ ते १४० मिग्रॅ, म्हणजे एक टक्क्याच्या द्रावणाचे १२ ते १४ मिली. प्रत्यक्ष वजनावर काढलं असतं तर २६ मिली, वीसच्या सिरिंजमध्येही न मावणारं. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लीन वजनावर डोस काढल्यावर अतिस्थूल आणि सडपातळ रुग्णांना जवळपास सारख्याच प्रमाणात प्रोपोफॉल लागलं होतं. थायोपेंटोन, एटोमिडेट, केटामिन यांनाही लीन वजनच.

इथे एक सापळा आहे. लीन वजनावरचा डोस भूल द्यायला पुरतो, पण टिकायला नाही. हृदयातून दर मिनिटाला जाणारं रक्त वाढलेलं असल्यामुळे औषध मेंदूतून लवकर निघून पसरतं. त्यात ट्यूब टाकायला वेळ लागला, व्हेपोरायझर (वाफेचं भूलऔषध सोडणारं यंत्र) उघडायला उशीर झाला, की रुग्ण शिथिल आहे पण जागा होतोय अशी अवस्था येते. भुलीत जाग येण्याबद्दलच्या ब्रिटनमधल्या २०१४ च्या एनएपी ५ पाहणीत स्थूल रुग्ण त्यांच्या प्रमाणापेक्षा जास्त आढळले, आणि बऱ्याच घटना इंडक्शनच्या टप्प्यातल्या होत्या. म्हणून प्रोपोफॉलची दुसरी सिरिंज भरलेली, हाताशी. लॅरिंगोस्कोपी (ट्यूबसाठी घसा बघणं) लांबली तर आणखी ३० ते ५० मिग्रॅ द्या, प्रेशरवर नजर ठेवून.

मिडाझोलामबद्दल (भीती घालवणारं गुंगीचं औषध) थोडक्यात: शक्यतो नकोच. ते चरबीत पसरतं आणि रेंगाळतं, आणि स्लीप ॲपनियाच्या (झोपेत श्वास थांबण्याच्या) रुग्णात त्याची किंमत रिकव्हरीत मोजावी लागते. फारच घाबरलेला रुग्ण असेल तर एक मिग्रॅ द्या आणि शेजारी थांबा.

पायरी ५: शिथिलक आणि रिव्हर्सल

नवखे सगळ्यात जास्त गोंधळतात ते इथे, आणि गोंधळाची किंमतही इथेच सगळ्यात मोठी.

सक्सिनिलकोलिन हा अपवाद आहे. ते प्रत्यक्ष वजनावर द्यायचं, १ मिग्रॅ प्रति किलो. स्थूल व्यक्तीत त्याला तोडणाऱ्या एन्झाइमची क्रियाशीलता वाढलेली असते आणि पेशींबाहेरचं पाणीही जास्त असतं, त्यामुळे आदर्श वजनावर दिलं तर अर्धवट शिथिलता मिळते. अर्धवट शिथिल जबडा आणि घसरणारं सॅच्युरेशन, याहून वाईट जोडी नाही. आपल्या रुग्णाला १३० मिग्रॅ. कमाल मर्यादा विभागागणिक वेगळी असते, ती आधी विचारून ठेवा.

रोक्युरोनियम, व्हेक्युरोनियम, ॲट्राक्युरियम, सिसॲट्राक्युरियम यांच्यासाठी आदर्श किंवा लीन वजन. दोन्हीत फारसा फरक पडत नाही. रोक्युरोनियम नेहमीच्या केसला ०.६ मिग्रॅ प्रति किलो, म्हणजे इथे ३० ते ३५ मिग्रॅ. झटपट ट्यूब टाकायची असेल तर १.२, म्हणजे ६२ ते ६८ मिग्रॅ. प्रत्यक्ष वजनावर हाच डोस १५६ मिग्रॅ निघतो. ट्यूब काही सेकंद लवकर जाईल कदाचित, पण शस्त्रक्रिया संपल्यावर रुग्ण कधी सुटेल ते सांगता येणार नाही. लॅप्रोस्कोपीत सर्जन 'पोट घट्ट आहे' म्हणाले की लगेच वीस मिग्रॅ ढकलायचा मोह होतो. आधी मॉनिटर बघा. बऱ्याचदा भूल उथळ असते किंवा टेबलाची स्थिती बदलायची असते, शिथिलक कमी पडलेलं नसतं.

मॉनिटर म्हणजे ट्रेन ऑफ फोरचं, म्हणजे नसेला करंटचे चार धक्के दिल्यावर स्नायूच्या चौथ्या आणि पहिल्या झटक्याचं, गुणोत्तर आकड्यात दाखवणारं यंत्र. मनगटावर चरबी जास्त असेल तर करंट नीट पोचत नाही. इंडक्शननंतर, शिथिलक देण्यापूर्वी मूळ रीडिंग घेतलंत तर नंतर 'झटका का येत नाही' या प्रश्नाला उत्तर मिळतं. ट्यूब काढायची ती गुणोत्तर ०.९ झाल्यावरच. डोकं पाच सेकंद उचललं, हात घट्ट धरला, यावर विसंबू नका. उरलेली थोडीशी शिथिलता सडपातळ रुग्ण निभावून नेतो, जाड मानेचा आणि घोरणारा रुग्ण नाही.

आता रिव्हर्सल, म्हणजे शिथिलता उतरवणं. निओस्टिग्मिन समायोजित वजनावर, ०.०५ मिग्रॅ प्रति किलोपर्यंत, पण एकूण ५ मिग्रॅच्या वर कधीच नाही. आपल्या रुग्णाला सुमारे ४ मिग्रॅ, सोबत ग्लायकोपायरोलेट. निओस्टिग्मिनच्या परिणामाला एक मर्यादा असते, खोल शिथिलतेत कितीही दिलं तरी काम होत नाही. चार झटके परत आल्यानंतरच ते द्यायचं.

सुगामाडेक्सचं उलटं आहे. ते रोक्युरोनियमच्या रेणूला वेढून बांधतं, त्यामुळे कमी पडलं तर बांधायचे रेणू शिल्लक राहतात आणि सुटलेला रुग्ण पुन्हा शिथिल होऊ शकतो. उत्पादकाचा सल्ला प्रत्यक्ष वजनाचा आहे: दोन झटके परत आले असतील तर २ मिग्रॅ प्रति किलो, खोल शिथिलतेत ४. समायोजित वजनावर दिलेले डोसही वापरले गेले आहेत, काही मार्गदर्शक तत्त्वं ते मान्य करतात. माझं मत विचाराल तर, नवख्याने प्रत्यक्ष वजनच धरावं. कमी डोसची सवय मॉनिटर नीट वाचता येणाऱ्यांसाठी आहे. २ मिग्रॅने आपल्या रुग्णाला २६० मिग्रॅ लागतात, म्हणजे २०० मिग्रॅची एक व्हायल पुरत नाही. आणि ट्यूब जात नाही, तातडीने सोडवायचं आहे, अशा वेळचा १६ मिग्रॅ प्रति किलो डोस २०८० मिग्रॅ होतो. दहाहून जास्त व्हायल! तेवढा साठा ओटीत आहे का, हे रोक्युरोनियम सिरिंजमध्ये भरण्याआधी विचारायचं. नसेल तर 'सुगामाडेक्स आहेच की' ही योजना नव्हे.

पायरी ६: भूल चालू ठेवताना

वाफेच्या औषधांत वजनाचा प्रश्नच येत नाही. मॅक (भुलीसाठी लागणारं वाफेचं किमान प्रमाण) स्थूलतेने बदलत नाही, आकडा समोर दिसतो. रक्तात कमी विरघळणारं औषध बरं: डेसफ्लुरेन किंवा सेव्होफ्लुरेन. लांबलेल्या केसमध्ये आयसोफ्लुरेन शुद्धीवर यायला थोडं रखडवतं.

प्रोपोफॉलचं इन्फ्युजन समायोजित वजनावर. ताशी ६ मिग्रॅ प्रति किलो म्हटलं तर आपल्या रुग्णात सुमारे ५०० मिग्रॅ, म्हणजे ताशी ५० मिली. टीसीआय पंप (गणिती मॉडेलवरून रक्तातलं औषधाचं प्रमाण राखणारा) वापरत असाल तर मात्र थांबा आणि कुठलं मॉडेल आहे ते बघा. श्नायडर मॉडेल, आणि रेमिफेंटानिलचं मिंटो मॉडेल, लीन वजनासाठी जेम्सचं जुनं सूत्र वापरतात. ते सूत्र स्त्रियांत बीएमआय ३७ आणि पुरुषांत ४२ च्या आसपास शिखर गाठतं आणि मग खाली येतं. १६० सेंमीच्या स्त्रीचं लीन वजन ते ९५ किलोला ४९.५ सांगतं आणि १३० किलोला ४१! २०० किलोला उत्तर चक्क ऋण येतं. म्हणूनच बरेचसे पंप ठरावीक बीएमआयच्या पुढे आकडा स्वीकारत नाहीत. तेव्हा उंची किंवा वजन खोटं भरून पंपाला गप्प करणारे भेटतील, त्यांचं अनुकरण करू नका. २०१८ चं एलेव्हेल्ड मॉडेल स्थूल रुग्णांची माहिती धरून बांधलेलं आहे, उपलब्ध असेल तर ते घ्या. मार्श मॉडेल प्रत्यक्ष वजन घेतं आणि तो आकडा भरला की औषध फार जातं, तिथे बरेच जण समायोजित वजन भरतात. मॉडेल कुठलंही असो, शिरेतून भूल आणि सोबत शिथिलक असेल तर बीआयएससारखा ईईजी मॉनिटर लावल्याशिवाय सुरुवात करू नका.

पायरी ७: ओपिऑइड

फेंटानिल लीन वजनावर. आपल्या रुग्णाला १०० मायक्रोग्रॅम, म्हणजे २ मिलीचा एक अँप्यूल, बस. रेमिफेंटानिल आदर्श किंवा लीन वजनावर. ते इतक्या झपाट्याने तुटतं की चरबीला संधीच मिळत नाही, पण बोलस प्रत्यक्ष वजनावर गेला तर नाडी आणि प्रेशर दोन्ही कोसळतात. मॉर्फिन लीन वजनावर हिशेब करून, पण एकदम नाही: एक-दोन मिग्रॅ, थांबा, श्वास मोजा, मग पुढचं.

स्टॉप-बँगचा (स्लीप ॲपनियाची शक्यता मोजणाऱ्या प्रश्नावलीचा) स्कोअर ५ किंवा जास्त असेल तर रुग्णाला स्लीप ॲपनिया आहे असं धरूनच चाला, तपासणी झालेली असो वा नसो. पॅरासिटामॉल, वेदनाशामक गोळ्या, नर्व्ह ब्लॉक, जखमेत लोकल (जागा बधिर करणारं औषध), हे सगळं आधी लावा आणि ओपिऑइड शेवटी. पीसीए पंप (रुग्णाने बटण दाबून वेदनाशामक घ्यायचा) लावलात तर पार्श्वभूमीचं सतत इन्फ्युजन बंद ठेवा.

पायरी ८: लोकल आणि स्पायनल

लोकलची कमाल मर्यादा आदर्श वजनावर. बुपिव्हाकेन २ मिग्रॅ प्रति किलोने आपल्या रुग्णात १०४ मिग्रॅ, म्हणजे ०.२५ टक्क्याचे ४० मिली किंवा ०.५ टक्क्याचे २० मिली. सर्जनही जखमेत टोचणार असतील तर हे एकत्र धरायचं, आणि ते त्यांना शस्त्रक्रियेपूर्वी सांगायचं. विषबाधा झालीच तर २० टक्के लिपिड इमल्शन: ७० किलोच्या वरच्या रुग्णाला पहिला बोलस सरसकट १०० मिली, दोन ते तीन मिनिटांत. इथे गुणाकार नको.

स्पायनलमध्ये पोटातल्या दाबामुळे मणक्याच्या नळीतलं पाणी कमी झालेलं असतं, म्हणून तोच डोस वर चढू शकतो. किती वर, याचा अंदाज बांधणं कठीण. डोस थोडा कमी करा, किंवा कॅथेटर ठेवून हळूहळू वाढवा. एपिड्युरललाही तेच.

पायरी ९: उरलेली सिरिंजेस

सेफाझोलिन १२० किलो आणि त्यावर ३ ग्रॅम, त्याखाली २. छेद घेण्याआधी तासाभरात गेलं पाहिजे. जेंटामायसिन समायोजित वजनावर, व्हॅन्कोमायसिन प्रत्यक्ष वजनावर. शिरेतून पॅरासिटामॉल १ ग्रॅमच, वजन १३० आहे म्हणून वाढवायचं नाही. ऑन्डान्सेट्रॉन, डेक्सामेथासोन नेहमीचेच. फेनिलेफ्रिन, इफेड्रिन वगैरे प्रेशर बघून. हृदय थांबलं तर ॲड्रेनालिन १ मिग्रॅ, सगळ्यांना सारखंच.

डेक्समेडेटोमिडिन लीन किंवा समायोजित वजनावर, शक्यतो लोडिंग डोस न देता.

वॉर्डात पाठवताना चार्टवर एनोक्सापॅरिनचा (रक्ताच्या गुठळ्या रोखणाऱ्या औषधाचा) डोस स्वतः तपासा. बीएमआय ४० च्या वर बऱ्याच ठिकाणी ४० मिग्रॅ दिवसातून दोनदा देतात, आणि नेहमीचं 'दिवसातून एकदा' सवयीने लिहिलं जातं. त्याच चार्टवर प्रत्यक्ष, आदर्श, लीन आणि समायोजित अशी चारही वजनं नावानिशी लिहून द्या, म्हणजे रात्रपाळीच्या डॉक्टरला मॉर्फिनचा पुढचा डोस १३० ने गुणावा लागणार नाही.